सायकल तीन किलोमीटर, चाल दीडशे मीटर : तासगावकडच्या एका बागायतदाराच्या कंबरेचं प्रकरण

सांगलीत माधवनगर रस्त्याला एसटीतून उतरल्यावर माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यापर्यंत तीनेकशे मीटर चालावं लागतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आबांना तेवढ्यात तीनदा बसावं लागलं. आधी चहाच्या टपरीचं बाकडं, मग पंक्चरवाल्याकडे आडवा टाकलेला ट्रकचा टायर आणि शेवटी कुणाच्या तरी बंगल्याची पायरी. बरोबर सून होती. ती म्हणाली, गावातही हेच चाललंय. पार, सोसायटीचा कट्टा, मारुतीच्या देवळाची ओवरी. आबांना आता रस्ता बसायच्या जागांवरूनच कळतो.

वय ६४. तासगाव तालुक्यातले द्राक्ष बागायतदार, दोन एकर बाग, माल सगळा बेदाण्याला. मधुमेह सात वर्षांचा, गोळ्यांवर बऱ्यापैकी आटोक्यात. नाव देत नाही आणि ओळख पटेल अशा दोन-तीन गोष्टी बदलल्या आहेत.

"म्याडम, कंबर लई न्हाई दुकत. पाय दुकत्यात. उभा ऱ्हायलो की पोटऱ्यांत शिसं वतल्यागत हुतंय, मग मुंग्या. बसलो की दोन मिंटात खेळ खल्लास."

"मग बागेत कसे जाता?"

"सायकलीवर. तीन किलोमीटर हाय. काय बी हुत न्हाई बगा."

इथे सुनेने मान खाली घातली. या सायकलीपायीच घरात वर्षभर कटकट होती. थोरला मुलगा तोंडावर म्हणायचा, सायकल हाणता तेव्हा पाय दुखत नाहीत आणि दुकानातून साखर आणायला सांगितली की बरे दुखतात. आबांनी मग सांगणंच सोडून दिलं होतं. माझ्या दृष्टीने मात्र निम्मं निदान त्या सायकलीतच होतं.

सायकल काय सांगते

कंबरेच्या मणक्यांमधून जी पोकळ नळी जाते ती वयानुसार अरुंद होते. चकती थोडी बाहेर फुगते, मागचे लहान सांधे झिजून जाड होतात, मणक्यांना आतून जोडणारा बंध जाडावतो. याला स्पायनल स्टेनोसिस म्हणतात. डच शल्यचिकित्सक हेंक व्हर्बीस्ट यांनी १९५४ च्या लेखात या दुखण्याचं जे वर्णन केलं, ते आबांच्या तोंडून ऐकल्यासारखं आहे : उभं राहिलं किंवा चाललं की पायांत कळा आणि बधिरपणा, बसलं की गायब. मज्जारज्जू स्वतः कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. त्याच्या खाली असतो तो पायांकडे जाणाऱ्या नसांचा झुपका, आणि अडकतो तो झुपका. माणूस पुढे वाकला की नळी थोडी रुंदावते, मागे झुकला की आवळते. ताठ चालताना कंबर किंचित मागे कमानते. सायकलवर आपण हँडलवर वाकलेले असतो. म्हणून तीन किलोमीटर सायकल जमते आणि दीडशे मीटर चाल जमत नाही. यात नाटक काही नाही.

आबांना हे ठिबकच्या भाषेत सांगितलं. नळीला मुरड पडली की शेवटच्या वेलींना पाणी पोचत नाही, तसं तुमच्या नसांना रक्त कमी पडतं. वाकलात की मुरड सुटते. ते सुनेकडे वळून म्हणाले, "ऐकलंस न्हवं? जाऊन सांग त्येला."

पण सायकलीवरून लगेच शिक्का मारून चालत नाही. चालताना पोटऱ्या भरून येण्याची दुसरी मोठी कारणं आहेत. पायाच्या रोहिण्या तुंबल्या तरी असंच होतं, मात्र तेव्हा माणूस नुसता उभा राहिला तरी बरं वाटतं, बसावं लागत नाही, आणि सायकल चालवतानाही दुखतं. आबांच्या दोन्ही पावलांवरची आणि घोट्यामागची नाडी ठणठणीत लागत होती. मधुमेहाने नसा गेल्या असतील तर तळव्यांची आग चाल-बैठक पाहत नाही, रात्री जास्त होते. आबांना तशी आग रात्रीही नव्हती. मधुमेहाच्या ज्या गोळ्या ते घेतात त्यांनी काहींचं बी-१२ उतरतं, म्हणून तेही तपासायला लावलं, ठीक निघालं. हाताची बोटं आणि मान बघितली, कारण कधी कधी मानेतही नळी अरुंद असते आणि तो रुग्ण वेगळ्याच काळजीचा.

उजव्या पायाचा अंगठा वर उचलताना जोर किंचित कमी होता. टाचांवर आणि चवड्यांवर चालता येत होतं. उभं करून मागे झुकायला सांगितलं, तर अर्ध्या मिनिटात उजव्या पोटरीत मुंग्या आल्या. आणि खुबे, ज्यांच्याकडे तोवर कुणी पाहिलं नव्हतं, ते दोन्ही जाम होते. पालथं झोपवून मांडी मागे उचलायला गेले तर मांडी जवळजवळ हललीच नाही, सगळी कंबरच वर आली. हे मी त्या दिवशी टिपून ठेवलं आणि त्यावर लगेच काही केलं नाही. ती चूक माझी, पुढे येईलच.

एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये नळी बरीच अरुंद, तिसऱ्या-चौथ्यामध्ये मध्यम. आबांच्या घरात ती फिल्म देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली होती. मला तिची एवढी भीती वाटत नाही. फिल्मवर भयंकर दिसणारी नळी घेऊन मजेत फिरणारी म्हातारी माणसं पुष्कळ असतात आणि याच्या उलटही असतं. माझं माप चालण्याचं.

माप

दवाखान्यामागे संकुलाचा लांब बोळ आहे. तिथे टेपने तीस मीटरवर खडूच्या दोन रेघा मारल्या. रुग्णाने आपल्या मनाच्या वेगाने चालायचं, बसल्याशिवाय राहवणार नाही तेव्हाच थांबायचं, कमाल अर्धा तास. मुंग्या सुरू कुठे झाल्या आणि बसावं कुठे लागलं, असे दोन आकडे लिहायचे. घड्याळ, खडू आणि एक प्लास्टिकची खुर्ची, एवढंच लागतं.

पहिल्या दिवशी : मुंग्या ७० मीटरवर, बसले १४० वर. ओस्वेस्ट्री नावाची जी प्रश्नावली आम्ही कंबरेसाठी भरून घेतो तीत ४६ टक्के अडचण.

मग अर्ध्या तासाने आणखी एक प्रयोग. वॉचमनची सायकल आणली आणि आबांना ती हँडल धरून, थोडं पुढे कलून ढकलत चालायला लावली. ४१० मीटर गेले. मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये सामानाच्या ढकलगाडीवर रेलून चालणारे रुग्ण असतात. आपल्याकडे सायकल किंवा भाजीचा गाडा. पाय तेच, माणूस तोच, नुसती कंबर वाकली आणि अंतर तिप्पट झालं.

आधी काय झालं होतं

चौदा महिन्यांत बरंच. एका ठिकाणी वीस दिवस शेक, करंट आणि कंबरेला वजन लावणं. शेकाने तासभर हलकं वाटतं हे खरं आहे, आबांनाही वाटायचं. पण घरी पोचेपर्यंत पोटऱ्या पुन्हा भरायच्या, आणि या वीस दिवसांत त्यांना एकही पाऊल कुणी चालवून पाहिलं नाही. मग कमरेचा पट्टा, तो दिवसरात्र. नसांच्या गोळ्या, त्यांनी चक्कर यायला लागली म्हणून बंद. सगळ्यात वाईट म्हणजे गावातल्या योग शिबिरात कंबरदुखीवर रामबाण म्हणून सांगितलेलं भुजंगासन. आबा माणूस नेमाचा, त्यांनी ते दोन महिने रोज पहाटे केलं. चकती सरकलेल्या एखाद्या तरुणाला मागे झुकण्याचे व्यायाम लागू पडतात, आबांच्या नळीला ते म्हणजे रोज पहाटेचा फास. योगाला दोष देत नाही. त्याच शिबिरातलं पवनमुक्तासन कुणी सांगितलं असतं तर बिघडलं नसतं.

एका शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रिया सुचवली होती, आणि तो सल्ला चुकीचा नव्हता. आबांनी सहा महिने मागून घेतले. मुलाला इंजेक्शन हवं होतं. मणक्यातल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनवर अमेरिकेत ४०० रुग्णांचा एक मोठा प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी पाहिलं तर नुसत्या भुलीच्या औषधापेक्षा स्टेरॉइड घातलेल्याचा जास्तीचा फायदा नसल्यातच जमा होता. मुलाला हे सांगितलं. त्याचा चेहरा पडला, त्याला एकदाचा निकाल हवा होता.

पहिले सहा आठवडे : पुढे वाकण्याचे व्यायाम

मी सुरुवात केली ती पाठ्यपुस्तकाप्रमाणे. पाठीवर झोपून एकेक आणि मग दोन्ही गुडघे छातीशी. ओटीपोट आत घेऊन कंबर जमिनीला टेकवणं. खुर्चीत बसून दोन्ही हात पावलांकडे सोडणं. गुडघ्या-हातांवर येऊन मागे टाचांवर बसणं, म्हणजे शशांकासनच. दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. सपाट रस्त्यावर चालायचं, मुंग्या आल्या की वाढू द्यायच्या नाहीत, लगेच बसायचं, सुटल्या की पुन्हा. पट्टा हळूहळू काढला. आठवड्यातून एकदाच दवाखान्यात, कारण एसटी आणि माझी फी दोन्ही बघायला हवं.

सुनेने कालनिर्णयवर रोजच्या तीन रेघा मारल्या. सहा आठवड्यांत चार-पाच रेघाच चुकल्या असतील. माझ्याकडे येणाऱ्यांत इतका आज्ञाधारक रुग्ण दुर्मीळ, हे मुद्दाम लिहिते, कारण निकाल बेताचा आला त्याला व्यायाम टाळण्याचं कारण देता येणार नाही.

फेब्रुवारीअखेर : मुंग्या ९० मीटरवर, बसले २१० वर. ओस्वेस्ट्री ४०. रात्री कूस बदलताना जी कळ यायची ती गेली. पण चालीत म्हणावा तसा फरक नाही, आणि शेवटचे दोन आठवडे आकडा जागचा हलला नव्हता.

मग खुबे

त्या दिवशी त्यांना बोळातून चालताना बाजूने पाहिलं, तेव्हा जानेवारीतली ती टिपण आठवली. पाऊल पुढे टाकलं की मागे राहणाऱ्या पायाची मांडी खुब्यातून मागे जायला हवी. आबांची जातच नव्हती. ती मागे न्यायला शरीर काय करतं, तर कंबर कमानवतं. म्हणजे प्रत्येक पावलागणिक, हजार पावलांना हजार वेळा, नळी आवळली जात होती. घरी तीनदा गुडघे छातीशी घेऊन नळी मोकळी करायची आणि रस्त्यावर प्रत्येक पावलाला ती पुन्हा आवळायची, असा तो हिशेब होता. उलट गुडघे छातीशी घेण्याने खुब्याच्या पुढचे आखडलेले स्नायू सैल होणार तरी कसे? त्यांना तर आणखी आक्रसलेल्या स्थितीतच ठेवत होतो.

हे काही माझं संशोधन नाही. २००६ साली अमेरिकेत ५८ रुग्णांवर नेमकी हीच तुलना झाली होती. एका गटाला पुढे वाकण्याचे व्यायाम, ट्रेडमिलवर साधी चाल आणि नुसतं दाखवायला निकामी मात्रेत दिलेलं अल्ट्रासाउंड. दुसऱ्या गटाला थेरपिस्टने हाताने सैल केलेले मणके आणि खुबे, ज्याच्या-त्याच्या जाम सांध्यांप्रमाणे बेतलेले व्यायाम आणि अंगाचं थोडं वजन वरून उचलून धरणाऱ्या ट्रेडमिलवर चाल. दोघांनाही सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा. सहा आठवड्यांनी 'बरं वाटतंय' म्हणणारे दुसऱ्या गटात ७९ टक्के, पहिल्यात ४१. वर्षाने दुसऱ्या गटातले ६२ वर उतरले, पहिल्यातले ४१ वरच. मला हे माहीत होतं. तरी मी आधी सोपं ते केलं, कारण ते घरी करता येतं आणि माझा वेळ वाचतो.

वजन उचलून धरणारी ट्रेडमिल माझ्याकडे नाही. पण ऑस्ट्रेलियातल्या एका नियतकालिकात २००७ साली आलेल्या ६८ रुग्णांच्या प्रयोगात अशी ट्रेडमिल आणि साधी व्यायामाची सायकल समोरासमोर ठेवली होती, आणि ट्रेडमिल सरस ठरली नाही. सायकल तर आबांच्या घरी उभीच होती. ती आता औषध म्हणून लिहून दिली : रोज सकाळी वीस मिनिटं, सीट थोडी वर, रमतगमत. मुलाने ऐकलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

मार्च ते एप्रिलचा मध्य, आठवड्यातून दोनदा, पाऊण तास. काय केलं ते थोडं सविस्तर सांगते, कारण 'मॅन्युअल थेरपी' म्हटलं की लोकांना कडाकड मणके मोडणारा हाडवैद्य आठवतो. आबांच्या वयात आणि हाडांत झटका द्यायचाच नाही, असं मी ठरवलं होतं. पाठीवर झोपवून घोट्याशी पाय धरून खुब्यातून सावकाश ओढ. मग मांडीला पट्टा लावून खुब्याचा सांधा बाहेरच्या बाजूला हलकासा सैल करणं. पालथं, पोटाखाली जाड उशी, आणि मांडीचं हाड मागून पुढे हळूहळू दाबत खुबा मागे जायला शिकवणं. उशी काढली तर कंबर कमानते, म्हणून उशी महत्त्वाची. कुशीवर झोपवून कंबरेला सावकाश पीळ. पाठीच्या वरच्या भागातला ताठरपणाही थोडा काढला, कारण वर ताठ असलं की खाली कंबरेला जास्त कमानावं लागतं.

घरच्या व्यायामांतला खरा कळीचा एकच. पलंगाच्या कडेला बसायचं, मागे आडवं व्हायचं, एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरायचा आणि दुसरा पाय कडेवरून खाली लोंबू द्यायचा. धरलेल्या गुडघ्याने कंबर सपाट राहते आणि लोंबत्या पायाचा खुबा ताणला जातो. अर्धा मिनिट, प्रत्येक बाजूला तीनदा. आबांचा पलंग पारंपरिक, भलता उंच, त्याचा इथे फायदाच झाला. जोडीला पाठीवर झोपून ढुंगण उचलणं, म्हणजे पूल, पण अर्ध्यावरच थांबायचं, कमान करायची नाही.

एप्रिलच्या मध्याला बोळात : मुंग्या २४० मीटरवर, बसले ५६० वर. ओस्वेस्ट्री २४. उजव्या अंगठ्याचा जोर होता तेवढाच राहिला, वाढला नाही आणि घटलाही नाही.

हा आकडा कितपत खरा

माझ्या मते दुसरी पद्धत आबांसाठी चांगली ठरली. पण २१० चे ५६० झाले ते सगळं माझ्या हातांनी, असं म्हणायला मी तयार नाही.

पहिली गोष्ट, द्राक्षं. बाग मांडवावर असते. विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, घड उतरवणं, सगळं काम हात वर आणि मान-कंबर मागे टाकून. स्टेनोसिसच्या माणसाला याहून वाईट धंदा शोधून सापडणार नाही. पहिल्या सहा आठवड्यांत आबा रोज मांडवाखाली होते, शेवटी शेवटी माल उतरवायला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात द्राक्षं बेदाण्याच्या शेडवर गेली आणि वर बघायचं काम संपलं. सुधारणेतला काही वाटा त्या रिकाम्या मांडवाचा आहेच.

दुसरी, मी पहिल्यांदा आठवड्यातून एकदा भेटत होते, नंतर दोनदा. थेरपिस्टच्या देखरेखीखालचा व्यायाम आणि तोच घरी एकट्याने केलेला व्यायाम यांत फरक पडतो, हे जपानमध्ये ८६ रुग्णांवर पाहिलं गेलं आणि २०१९ साली छापून आलं. तिसरी, एका पद्धतीनंतर दुसरी दिली, तेव्हा पहिलीचं साचलेलं काही दुसरीच्या खात्यात जमा झालं असणार.

आणि चौथी मला सगळ्यात जास्त बोचते. पिट्सबर्गमध्ये २५९ वयस्क रुग्णांवर तीन पद्धतींची तुलना झाली, तीही २०१९ साली प्रसिद्ध झाली : औषधोपचार, सामूहिक व्यायामवर्ग, आणि हाताने उपचार अधिक स्वतंत्र व्यायाम. दोन महिन्यांनी तिसरा गट पुढे होता. सहा महिन्यांनी तिघांमध्ये फरक राहिला नव्हता. म्हणून एप्रिलमध्ये आबा खूश असताना मी त्यांना जुलैची तारीख दिली आणि आता आठवड्याला यायचं नाही, असं सांगितलं.

जुलैत : ४८० मीटर. ओस्वेस्ट्री २८. कालनिर्णयवरच्या रेघा विरळ झाल्या होत्या, सायकल मात्र चालू होती. थोडं घसरलं, पण १४० च्या जवळपासही नाही.

शस्त्रक्रियेचं काय, हे मुलाने पुन्हा विचारलं. २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात शस्त्रक्रियेला तयार असलेल्या १६९ रुग्णांची चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी करून काहींना शस्त्रक्रिया आणि काहींना फिजिओथेरपी दिली. दोन वर्षांनी दोन्ही गटांची हालचाल सारखीच. आमच्या व्यवसायातले लोक एवढंच सांगून थांबतात. पुढचं वाक्य असं आहे की फिजिओथेरपीच्या गटातल्या ५७ टक्के लोकांनी मधल्या काळात शस्त्रक्रिया करून घेतली. मुलाला मी दोन्ही वाक्यं सांगितली. आणि सुनेला, कारण लक्ष तिचंच असतं, तीन गोष्टी कागदावर लिहून दिल्या : लघवी अडली किंवा नकळत झाली, बसतो त्या जागेची चामडी बधिर झाली, किंवा चालताना पाऊल फटफट आपटायला लागलं, तर माझ्याकडे यायचं नाही, त्याच दिवशी मिरजेला मोठं हॉस्पिटल गाठायचं.

रथ आणि विरळणी

पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, पाय बरे झाले तर काय करायचंय? आबा म्हणाले होते, तासगावचा रथ. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तिथे गणपतीचा रथ माणसं दोरखंडांनी ओढतात. आधीच्या वर्षी त्यांनी तो एका दुकानाच्या फळीवर बसून पाहिला होता. या वर्षी दोराला हात लावला. गर्दीत रथ थांबत-थांबत जातो, हे त्यांच्या पथ्यावर पडलं; रथ थांबला की हे उकिडवे बसायचे. "सगळं न्हाई चाललो म्याडम, खोटं कशाला बोलू. पर फळीवर न्हाई बसलो."

नोव्हेंबरात विरळणी आली आणि मी धास्तावले होते. आधी एकदा त्यांच्या बागेत गेले, मांडव पाहिला. सांगितलं ते साधं होतं : घड डोळ्यांसमोर येतील इतक्या उंचीची लाकडी घोडी करून घ्या, तिच्यावर उभं राहा, म्हणजे कंबर मागे टाकावी लागणार नाही. जमिनीवरून करायचं तेव्हा एक पाय विटेवर ठेवा आणि पाय बदलत राहा. एक पाय उंच असला की कंबरेची कमान उतरते. आबा म्हणाले, "विठोबागत?" म्हटलं, त्यानं दोन्ही ठेवलेत, तुम्ही एकच ठेवा. वीस मिनिटं काम, पाच मिनिटं बैठक, हे मात्र ते पाळत नाहीत. बायका मजुरीवर असताना मालकाने बसायचं कसं, असं त्यांचं म्हणणं.

ऐन विरळणीत बोळातला आकडा : ४३०. गेल्या वर्षी याच दिवसांत ते बागेच्या बांधापर्यंत सायकल नेऊन तिथेच बसून राहत होते. शस्त्रक्रियेचा विचार त्यांनी एप्रिलच्या छाटणीनंतरवर ढकलला आहे.

त्याच महिन्यात त्यांनी शेजारच्या बागेतला एक माणूस माझ्याकडे धाडला. वय पन्नाशीच्या पुढे, बिडी चालू, एमआरआयची फिल्म जवळजवळ आबांसारखीच. आबांनी त्याला पलंगाच्या कडेचा व्यायाम स्वतःच शिकवून टाकला होता आणि सायकलही चालवायला सांगितली होती. "सायकल मारली की पोटरी जास्तच दुकतीया," तो म्हणाला, "आन् चालताना नुसता उभा ऱ्हायलो तरी थांबतंय, बसाय लागत न्हाई." बूट काढायला लावले. डाव्या पावलावरची नाडी लागली नाही, घोट्यामागचीही नाही. त्याला एकही व्यायाम न देता रक्तवाहिन्यांच्या डॉपलरसाठी, म्हणजे पायातला रक्तप्रवाह बघणाऱ्या तपासणीसाठी, चिठ्ठी लिहून दिली. आबांना फोन केला, म्हटलं, दुसऱ्यांना व्यायाम शिकवणं आता बंद.